खदानीतली बाग
(उपवासकाळातील रविवारचे मनन)

वाचने : यशया ५१:१-३, रोमकरांस पत्र ६:१-४, लूक १३:६-९



भस्म बुधवारी आपण सर्वांनी कपाळावर राख लावून घेतली. आपण मातीतून आलो आणि मातीतच मिळणार, याची आठवण पवित्र ख्रिस्तसभा त्या दिवशी आपल्याला करून देते. आज त्या मातीविषयीच आपण मनन करू या.

मागच्या उपवासकाळात एका रविवारी मी प्रवचनात बोलून गेलो की, डोंगर फोडणे, जमीन पोखरणे हे पाप आहे. मिस्सा संपल्यावर एक आजोबा दाराशी थांबले होते. तरुणपणी गावाजवळच्या गिट्टी खदानीवर त्यांनी घण मारला होता. ते म्हणाले, "फादर, थो खड्डा आमीच खंदला. तवा दुसरा धंदा नव्हता. त्या गिट्टीवरच पोरं सिकली. आता तुमी पाप मनता. मंग का उपासी मराचं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्यांचा हात हातात घेतला आणि एवढेच म्हणालो, "आजोबा, मला विचार करू द्या." वर्षभर तो प्रश्न माझ्याबरोबर राहिला. आज त्यांना उत्तर द्यायचे आहे, आणि ते सर्वांसमक्ष दिले पाहिजे, कारण मी बोललो होतो तेही सर्वांसमक्षच.

खड्डा कोणाचा?

यशया संदेष्टा आजच्या पहिल्या वाचनात परमेश्वराचा शोध करणाऱ्यांना एक विलक्षण गोष्ट सांगतो. ज्या खडकातून तुम्हाला कापून काढले, ज्या खाणीतून तुम्हाला खणून काढले, तिकडे वळून पाहा, असे तो म्हणतो. तो अब्राहाम आणि सारा यांच्याविषयी बोलत आहे. तुमचे मूळ विसरू नका, हा त्याचा अर्थ. परंतु आपण नागभीडकरांनी हे वचन शब्दशःही घ्यायला हरकत नाही. आपल्या घराचा पाया, अंगणातला मुरूम, गावात येणारा रस्ता, रुळांखालची खडी हे सारे कोणत्या ना कोणत्या खड्ड्यातून आले आहे. नागपूर-नागभीड ही छोटी रेल्वे मोठ्या मार्गासाठी २०१९ साली बंद झाली, तेव्हा आपल्याला आनंद झाला. पण मोठा मार्ग गिट्टीवाचून होत नाही. ज्या देवळात आपण प्रार्थना करतो त्याच्या भिंतीही कोणीतरी फोडलेल्या दगडावरच उभ्या आहेत.

म्हणून आजोबांना माझे पहिले उत्तर असे : घण मारून पोरे शिकवणे हे पाप नव्हते. ते घामाचे पवित्र काम होते. मी त्या दिवशी अर्धेच बोललो, आणि अर्धे सत्य माणसाला विनाकारण दुखावते.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात (२:१५) परमेश्वर मानवाला बागेत ठेवतो, तो दोन कामांसाठी. तिची मशागत करावी हे एक, आणि तिची राखण करावी हे दुसरे. जमिनीतून घेणे हे मशागतीत येते. परंतु घेऊन झाल्यावर पाठ फिरवणे, हे राखण सोडून देणे आहे. खड्डा खणला यात पाप नाही. तो तसाच उघडा टाकून निघून गेलो, यात पाप आहे. आणि जो ज्या प्रमाणात त्या खड्ड्यावर मोठा झाला, त्या प्रमाणात त्याचे देणे मोठे आहे. रोजंदारीवर दगड फोडणाऱ्याचे देणे लहान. ठेका घेणाऱ्याचे, परवाना देऊन पुन्हा कधी पाहायला न आलेल्याचे, आणि स्वस्त गिट्टी मिळाली म्हणून खूश झालेल्या आपणा सर्वांचे देणे त्याहून मोठे.

जक्कयाची गोष्ट आठवा (लूक १९). प्रभू येशू त्याच्या घरी गेला, तेव्हा जक्कय नुसता रडला नाही. ज्याचे फसवून घेतले त्याला चौपट परत करतो, असे तो उभा राहून म्हणाला. पापनिवेदन करताना आपण हेच शिकतो. क्षमा ही परमेश्वराची देणगी आहे, तिची किंमत आपण देऊ शकत नाही. पण चोरलेली कोंबडी घरात ठेवून क्षमा मागता येत नाही. जे मोडले ते शक्य तितके जोडून देणे, हा प्रायश्चित्ताचाच भाग आहे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००१ साली निसर्गासंबंधी हृदयपरिवर्तनाची हाक दिली, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली "लाउदातो सी" या परिपत्रकात ती सर्व जगापुढे मांडली. हृदय पालटले की हातही पालटले पाहिजेत.

देशाचा कायदाही आता हेच सांगतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पाच हेक्टरपेक्षा लहान दगड-मुरमाच्या खदानींनाही पर्यावरण परवानगी लागेल. ८ जानेवारी २०२० रोजी, नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, त्याच न्यायालयाने सांगितले की, खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चाऱ्यायोग्य, झाडाझुडपांच्या व जीवजंतूंच्या वाढीयोग्य करावी, अशी अट खाणपट्ट्यांमध्ये घालावी. गवतासारख्या साध्या गोष्टीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बोलावे लागले, याचा आपण विचार करावा.

माती कशी परत येते?

बंधु-भगिनींनो, खदान सुरू होते तेव्हा आधी काय काढतात? झाडे नव्हेत. झाडे तर जातातच, पण खरी हानी होते ती वरची वीतभर माती खरवडून बाजूला फेकली जाते तेव्हा. त्या मातीत पानांचा कुजका असतो, गांडुळे असतात, डोळ्यांना न दिसणारे जंतू आणि बुरशीचे धागे असतात. ते मुळांना पाणी आणि अन्न पोहोचवतात. ती माती गेली की खाली उरतो तो नुसता खडक. मग कोणी पावसाळ्यात मोठा कार्यक्रम करून तिथे शंभर रोपे लावतो, फोटो काढतो, आणि मार्च महिन्यात पाहावे तर काड्या उभ्या असतात. रोपांचा त्यात काय दोष? जिथे माती नाही तिथे मूळ कशाला धरणार?

आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, सावनेर तालुक्यात, गुमगावला मँगनीजची खाण आहे. खाणीतून उपसलेल्या निकामी दगडमातीचे ढिगारे तिथे वर्षानुवर्षे उघडे पडले होते. नागपूरच्या "नीरी" या राष्ट्रीय संस्थेतील डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ढिगाऱ्यांवर पुन्हा झाडी उभी करण्याचे काम हाती घेतले. त्यांनी आधी झाडे लावली नाहीत, आधी ढिगारा तपासला. त्यात सेंद्रिय अंश नव्हता, नत्र नव्हते, मुळांना मदत करणारे जंतू जवळजवळ नव्हते. मग त्यांनी साखर कारखान्यातला प्रेसमड आणला. प्रेसमड म्हणजे उसाचा रस गाळल्यावर मागे उरणारा गाळ. नत्र धरून ठेवणारे जीवाणू आणि मुळांशी मैत्री करणारी बुरशी वाढवून ती रोपांच्या मुळांशी दिली. त्यानंतर साग, शिसू, शिवण अशी झाडे लावली, आणि त्या उघड्या ढिगाऱ्यावर हिरवळ उभी राहिली. पुढे कोळसा खाणीच्या १० हेक्टर ढिगाऱ्यावरही हीच पद्धत वापरली गेली. तिथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला गाळ हेक्टरी ५० टन या प्रमाणात मिसळला होता. जे जंतू आधी जवळजवळ नव्हते ते पुष्कळ वाढलेले आढळले.

आता आजचे शुभवर्तमान आठवा. तीन वर्षे फळ न देणारे अंजिराचे झाड मालकाला तोडून टाकायचे आहे. माळी मध्ये पडतो. आणखी एक वर्ष राहू द्या, मी त्याच्याभोवती खणतो आणि खत घालतो, असे तो सांगतो. माळ्याने झाडाला रागे भरले नाही. मंत्र म्हटला नाही. तो मुळाशी वाकला, आणि त्याने हातात घेतले ते खत, म्हणजे लोक ज्याला नाक मुरडतात ती वस्तू. गुमगावलाही हेच झाले. कोणाला नको असलेला गाळ निकामी ढिगाऱ्यावर पसरला आणि तिथे जीव धरला. प्रभू येशू आपल्या आत्म्याशी असाच वागतो. तो वरवरची फुले चिकटवत नाही, मुळाशी वाकतो.

दूर आफ्रिकेतली एक गोष्ट सांगतो. केनिया देशात मोंबासा शहराजवळ बांबुरी नावाच्या ठिकाणी सिमेंट कारखान्याची चुनखडीची मोठी खदान होती. जिथे दगड काढून झाला होता तिथे सावली नाही, माती नाही, पाणीही मचूळ. १९७१ साली रेने हालर या स्विस कृषितज्ज्ञाने तिथे २६ जातींची झाडे लावून पाहिली. त्यांतल्या फक्त तीन टिकल्या. एक होते सुरूचे झाड. ते वाढले, पण त्याच्या सुया कुजत नव्हत्या, म्हणून माती बनत नव्हती. मग हालर यांना दिसले की, एक किडा त्या सुया खातो. आपल्याकडे पावसाळ्यात अंगणात वेटोळे करून बसतो, ज्याला कोणी वाणी म्हणतात, कोणी पैसा किडा, त्याच्याच जातीचा तो. त्यांनी ते किडे आणून सोडले. किड्यांनी सुया खाल्ल्या, त्यांच्या विष्ठेची माती झाली, मातीत दुसरी झाडे आली, झाडांवर पक्षी आले. आज ते "हालर पार्क" म्हणून ओळखले जाते. २००४ च्या सुनामीत कळपापासून तुटलेल्या पाणघोड्याच्या पिल्लाला त्याच जुन्या खदानीत आसरा मिळाला, आणि तिथल्या शंभरी ओलांडलेल्या कासवाशी त्याची गट्टी जमली.

ज्याला आपण चपलेने बाजूला सारतो त्या किड्याच्या हातून परमेश्वराने ते काम करून घेतले. आपण स्वतःला फार लहान समजतो ना? मग हे लक्षात ठेवा.

क्षमा आहे म्हणून पाप करावे काय?

परंतु इथे एक सावधगिरी घ्यायला हवी, नाहीतर मी पुन्हा अर्धेच सत्य सांगेन.

संत पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना विचारतो : कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय? आणि तोच ठणकावून नाही म्हणतो. खड्डा भरून निघतो, खदानीत झाडे येतात, हे ऐकून कोणी म्हणेल, "मग उभे जंगल फोडायला काय हरकत? नंतर दहापट झाडे लावून देऊ." हा पापनिवेदन आहे म्हणून पाप करणाऱ्या माणसाचा हिशेब झाला. तुम्ही मोहाखाली वाढलेली माणसे आहात, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. आजीच्या लग्नाआधीपासून फुले देणारा मोह आणि पिशवीतली दहा रोपे यांची बरोबरी कोणत्या तराजूत होईल? गुमगावच्या ढिगाऱ्यावर झाडी आली ही मोठी गोष्ट आहे. पण ती जखम भरल्याची गोष्ट आहे. जखम झालीच नसती तर जे असते, ते नव्हे. म्हणून उभे आहे ते आधी राखावे, आणि मोडले आहे ते दुरुस्त करावे. हा क्रम उलटा करू नये.

आपल्या तालुक्यात राखण्यासारखे पुष्कळ आहे. घोडाझरीचा तलाव आणि त्याच्या भोवतीचे रान आपण लहानपणापासून पाहतो. २०१८ साली सुमारे १५९ चौरस किलोमीटरचे हे रान अभयारण्य झाले. ताडोब्याकडून उमरेड-कऱ्हांडल्याकडे जाणारा वाघ याच बाजूने वाट काढतो. त्याची वाट जिथे तुटते तिथे तो बांधावर येतो, आणि मग मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, सरपणाला गेलेले माणूस घरी परत येत नाही. अशा घरांत मी प्रार्थनेला बसलो आहे. तुमच्यापैकी कित्येक जण बसले आहेत. रान तुटले की त्याची किंमत आधी गरिबाकडून वसूल होते. म्हणून उजाड खदानीवर पुन्हा झाडोरा आणणे हा शहरी लोकांचा छंद नाही. आपल्या विधवांचा आणि लेकरांचा तो प्रश्न आहे.

आपण काय करावे?

आपल्या मनात लगेच कुदळी घेऊन निघायचे असेल, तर थोडे थांबा. जागा महसूलची आहे, वनविभागाची आहे की कोणाच्या पट्ट्याची, हे आधी ग्रामसभेत विचारावे. गावातल्या सर्व जातिधर्मांच्या माणसांबरोबर हे काम करायचे आहे, एकट्या आपल्या मंडळीने नव्हे. खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो आणि पर्यावरणाचे काम त्यात बसते. ग्रामसभेने तो मागावा.

पहिले काम लेकरांच्या जिवाचे. खोल पाण्याच्या खड्ड्याला काटेरी कुंपण आणि कडेला दगडांची रास हवी. उन्हाळ्यात पोरे पोहायला उतरतात आणि सरळ तुटलेल्या कडेवरून त्यांना वर येता येत नाही. एक बाजू तरी उतरती करून घ्यावी, म्हणजे गुरे आणि रानातली जनावरेही पाणी पिऊन सुखरूप परत जातील.

मग माती. उन्हाळ्यात मामा तलावातला गाळ निघतो. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही शासनाची योजना २०१७ पासून आपण ऐकतो. शेतात टाकून उरलेला गाळ, शेणखत आणि पालापाचोळा खदानीच्या कोरड्या भागावर पसरता येईल. पाणी वाहून जाऊ नये म्हणून उतारावर आडव्या दगडी ताली घालाव्यात. पहिल्या पावसाला गवत आणि शेंगवर्गीय झुडपे येऊ द्यावीत. झाडे त्यानंतर लावावीत, आणि ती आपलीच : पळस, करंज, आवळा, चार, बेहडा, मोह. तीन-चार वर्षे तिथे गुरे सोडू नयेत आणि आग लागू देऊ नये. मोहाखालचा पाला पेटवण्याऐवजी झाडून घेतला तर तोच पाला खत म्हणून कामी येतो.

सगळा खड्डा बुजवलाच पाहिजे असेही नाही. पाण्यात बगळे उतरतात, उंच कपारीत घुबड आणि मधमाशा राहतात. त्यांचे त्यांना ठेवावे. फक्त तिथे गावाचा कचरा आणि प्लास्टिक टाकू नये. जखमेत घाण भरून ती बुजवत नसतात.

कालवारीचा खडक

शेवटी पुन्हा प्रभू येशूकडे येऊ या. या उपवासकाळाच्या अखेरीस आपण क्रूसाच्या वाटेने कालवारीला पोहोचू. ती टेकडी कशी होती, याचा विचार आपण कधी केला आहे का?

यरुशलेममध्ये पवित्र कबरीचे मंदिर जिथे उभे आहे तिथे उत्खनने झाली आहेत. त्यांतून दिसते की, प्रभूच्या काळाच्या कित्येक शतके आधी ती जागा चुनखडी दगडाची खदान होती. चांगला दगड शहराच्या बांधकामासाठी काढून नेला. जो खडक तडकलेला, बांधकामाला नालायक होता, तो तसाच सोडून दिला. गुलगुथा म्हणून मानला जातो तो हाच खडक. पुढे खदान बंद पडली, खड्ड्यात माती भरली गेली, आणि लोकांनी तिथे लागवड केली. अलीकडच्या उत्खननात जैतून आणि द्राक्षवेलीच्या खुणा सापडल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले. संत योहान आपल्या शुभवर्तमानात (१९:४१) लिहून ठेवतो की, येशूला जिथे क्रूसावर दिले तिथे एक बाग होती, आणि त्या बागेत एक नवी कबर होती.

बंधु-भगिनींनो, आपले तारण एका टाकून दिलेल्या खदानीत झाले. बांधणाऱ्यांनी नाकारलेल्या खडकावर क्रूस उभा राहिला, आणि जुन्या खड्ड्यात लावलेल्या बागेत कबर उघडली. पुनरुत्थानाच्या पहाटे मग्दालिया मरिया रडत रडत आली, तेव्हा तिने येशूला ओळखले नाही. तिला तो माळी वाटला (योहान २०:१५). तिची चूक झाली असे आपण म्हणतो. मला वाटते, ती फारशी चुकली नव्हती. अंजिराच्या झाडासाठी एक वर्ष मागून घेणारा माळी तोच आहे.

आजोबा, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. तुम्ही खणलेल्या खड्ड्याची लाज बाळगू नका. त्यातून तुमची पोरे उभी राहिली. आता त्या खड्ड्यात एक झाड उभे करायला या. घण मारलेल्या हातांना दगड कळतो, आडवी ताल कशी घालायची हे आमच्या पोरांना तुम्हीच शिकवाल. मी टोपलीभर गाळ घेऊन तुमच्या मागे येईन.

या आठवड्याचा संकल्प : आपल्या घराचा, शेताच्या बांधाचा, अंगणाचा दगड-मुरूम कोठून आला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. शक्य असेल तर दिवसाउजेडी, चार जण मिळून, त्या जागी जाऊन एक "आमच्या स्वर्गातील बापा" म्हणा.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, तू आम्हाला मातीतून घडवलेस आणि मातीची राखण आमच्याकडे सोपवलीस. आम्ही घेतले ते मोजले नाही आणि मोडले ते पाहिले नाही. आम्हाला क्षमा कर. आमच्या रानाला, आमच्या लेकरांना, रानात पोट भरायला जाणाऱ्या आमच्या माणसांना सांभाळ. आमच्या हातांना परत देण्याची बुद्धी दे, आणि आमच्या उजाड जागी, मनात आणि रानात, तुझी बाग फुलव. आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्याद्वारे आम्ही हे मागतो. आमेन.

– आपला धर्मगुरू